मोहाखालची झाडलेली जमीन

पोचू सिडाम न्यायालयात एकदाच बोलला. त्याच्या एका वाक्यानं बोरटोल्याचा डोमा कन्नाके जन्मठेपेवर गेला. वाक्य साधं होतं : "झाडाखाली जमीन साफ होती, आणि तिच्यावर वाघाचा ठसा नव्हता."

त्यातला एकही शब्द खोटा नव्हता. पुढची सोळा वर्षं पोचूला तोच आधार होता.

पोंभुर्णा तालुक्यात जंगलाला लागून असलेल्या बोरटोल्यात पोचूचा जन्म झाला. विसाव्या वर्षी तो वन खात्यात रोजंदारीवर लागला आणि पुढं कायम झाला. साहेब बदलत गेले, पण ठसा ओळखायची वेळ आली की पोचूलाच बोलावणं यायचं. तेव्हा जंगलात झाडाला बांधलेले कॅमेरे नव्हते. ठशावर काच ठेवायची, पेनानं त्याची कड गिरवायची आणि काचेवरून कागदावर उतरवायची. ठसा नराचा की मादीचा, ताजा की कालचा, जनावर चालत गेलं की पळत, हे पोचू उकिडवं बसून सांगे, आणि सहसा चुकत नसे. कामाची वही तो रोज लिही. अक्षर वाकडं होतं, पण मजकूर नेमका.

एप्रिल २००८ मध्ये मोह ऐन भरात असताना डोमाची बायको ललिता पहाटे टोपली घेऊन त्यांच्या मोहाकडं गेली. गावापासून हाकेच्या टप्प्यात, नाल्याच्या अलीकडं ते झाड होतं. इकडं प्रत्येक मोहाला धनी असतो. झाड सरकारी जंगलात उभं असलं तरी त्याची फुलं कोणत्या घरची हे सगळ्या गावाला ठाऊक असतं, आणि दुसऱ्याच्या मोहाखालचं फूल कोणी उचलत नाही. हंगामाच्या सुरुवातीला खालचा पालापाचोळा जाळतात. मग रोज खराट्यानं जमीन झाडतात, म्हणजे पिवळी फुलं मातीवर स्वच्छ दिसतात. बहुतेक बाया हे झाडणं सांजवेळी उरकून घेतात. फुलं पडायला लागतात ती पहाटेपूर्वी, आणि सकाळभर पडत राहतात.

ललिताची किंकाळी ऐकून डोमा धावला, त्याच्यामागं त्याची आई सोमारी. ललिता झाडाखाली पालथी पडली होती, मानेवर एकच खोल जखम. टोपलीत ओंजळभर फुलं होती. गावातले चारजण आले. डोमानं कुऱ्हाडीनं बांबू तोडले, ललिताला त्यावर बांधलं आणि पुरुषांनी तिला गावाकडं नेलं. पोलीस पोहोचले तेव्हा कुऱ्हाडीच्या दांड्याला रक्त होतं. शेजाऱ्यांनी सांगितलं, आदल्या संध्याकाळी नवराबायकोचं कडाक्याचं भांडण झालं होतं. तिला माहेरी जायचं होतं आणि तो मोह संपेपर्यंत थांब म्हणत होता. डॉक्टरांनी जखम टोकदार वस्तूची असल्याचं लिहिलं. ती वस्तू दात की हत्यार, ते नक्की सांगता येत नाही, असंही लिहिलं.

दहाच्या सुमाराला पोचूला झाडापाशी नेलं. तो बसला, वाकला आणि झाडाभोवती तीन फेऱ्या मारून आला. झाडाखालच्या गोल जागेवर खराट्याच्या रेघा सरळ दिसत होत्या. मधोमध वाळलेलं रक्त, एका बाजूनं माणसांची पावलं. वाघाचं काही नाही. गोलाबाहेर वाळला पाला आणि कडक मुरूम होता, तिथं हत्ती गेला असता तरी उमटला नसता.

"काल सांजेला झाडलेली जमीन हाये साहेब," तो ठाणेदाराला म्हणाला. "वाघ आला असता तर फोटोसारखा ठसा भेटला असता."

"म्हणजे वाघ आला नाही?"

"ठसा नाई, एवढं सांगतो."

दोन वर्षांनी न्यायालयात त्यानं तेच सांगितलं. डोमानं मी ठसे पाहिले म्हटलं, पण ते आरोपीचं म्हणणं होतं. सोमारीला त्याच्या वकिलानं साक्षीला बोलावलंच नाही. शिक्षा झाली, अपील फेटाळलं गेलं. जिल्ह्यात हे प्रकरण 'मोहाखालचा खून' म्हणून ओळखलं जाऊ लागलं, आणि चहाच्या टपरीवर वाघाचा विषय निघाला की कोणीतरी ते हमखास काढी. बायको मारून वाघाच्या नावावर घालायला निघालेला माणूस ठशावरून कसा पकडला गेला, ही त्यातली गंमत.

गावात मात्र वेगळं बोललं जाई. पोचू खोटं बोलला, खात्यानं त्याला पढवलं, वाघानं माणूस मारला हे साहेबांना कागदावर नको होतं, असं निम्मं गाव म्हणे. पोचूच्या पाठीमागं म्हणे, आणि दारू चढली की तोंडावर. त्यानं कधी उत्तर दिलं नाही. आपण खोटं बोललो नाही हे त्याला ठाऊक होतं, आणि जो खोटं बोलला नाही त्यानं पुन्हा विचार कशाचा करायचा? लोकांनी त्याला खोटारडा म्हटलं नसतं, फक्त "पोचू, पुन्हा एकदा आठवून पाह्य" एवढंच म्हटलं असतं, तर कदाचित त्यानं आठवून पाहिलं असतं.

निवृत्त होऊन त्याला आता दहा वर्षं झाली. दोन वर्षांपूर्वी शिक्षा भोगून डोमा सुटला आणि गावात परतला. दोघांची घरं शंभर पावलांवर, पण समोरासमोर आले तर दोघांपैकी एकजण वाट बदली.

यंदाच्या एप्रिलमध्ये पोचूची बायको गुणाबाई गुडघ्यानं हैराण होती. म्हणून आयुष्यात पहिल्यांदा तो तिच्याबरोबर मोह वेचायला जाऊ लागला. नोकरीत असताना या वेळी तो आग लागलेल्या जंगलात असे. मोह हे घरातल्या बाईचं काम, आणि त्याबद्दल त्याला जे माहीत होतं ते दुरून पाहिलेलं. ओंजळ भरायला किती वेळ लागतो, हेही त्याला त्या आठवड्यात कळलं.

एका सकाळी झाडाखाली रानडुकराचे ठसे दिसले. मोठा नर होता, मागचा एक पाय किंचित फरपटणारा. जुनी सवय उसळली. काच नाही तर निदान कागदावर काढू, म्हणून पोचू सायकलला लावलेल्या पिशवीतून पेन आणायला गेला. सायकल वाटेवर होती. जाऊन यायला दहा-बारा मिनिटं लागली असतील. परत आला तर गुणाबाई टोपली भरून, खराटा हातात घेऊन कंबर सरळ करत उभी होती. जमिनीवर सरळ रेघा.

"अवो, काऊन झाडलं?"

"मग? वेचून झालं का झाडाचंच असते."

"मी तिथी डुक्कर पाह्यलं होतं."

"डुकराले काय पूजाचं होतं?" गुणाबाई म्हणाली. "सांजेला माझा गुडघा चालत नाई. आताच झाडून टाकलं का उद्याचं मोकळं. सगळ्या बाया असंच करते, ज्याले जसा वेळ भेटला तसं."

पोचू तिथंच उकिडवा बसला. रेघा ताज्या होत्या, पण त्या काल सांजेच्या आहेत असं कोणी सांगितलं असतं तर त्यानं मान डोलावली असती. रेघांमध्ये डुक्कर नव्हतं. तो बघत असतानाच वरून एक फूल पडलं, मग दुसरं. गुणाबाई दोनदा म्हणाली, "चला, ऊन होऊन राह्यलं." तो हलला नाही. ऊन चढेपर्यंत रेघांवर वीस-पंचवीस फुलं विखुरली होती. टोपली मात्र काठोकाठ होती.

घरी येऊन त्यानं माळ्यावरची लोखंडी पेटी काढली. २००८ची वही खालून दुसरी होती. त्या दिवसाचं पान त्यानं पाठ असल्यासारखं उघडलं आणि पाठ नसलेलं वाक्य वाचलं : "झाडाखाली तुरळक फुले."

सकाळचे दहा. मोठा मोह, भर हंगाम, आणि पहाटेपासून कोणी वेचलेलं नाही. ललिताच्या टोपलीत ओंजळभर. त्या झाडाखाली दोन टोपल्या तरी फुलं पडलेली असायला हवी होती, जमीन दिसताच कामा नये. मग ती फुलं गेली कुठं? दुसऱ्याच्या मोहाखालचं फूल कोणी उचलत नाही. डोमा तर बांबूचं एक टोक खांद्यावर घेऊन पुढं चालत होता. मागं त्या घरचं एकच माणूस उरत होतं.

त्यानं पाहिलेलं सगळं वहीत होतं. रेघा होत्या, तुरळक फुलं होती. हे लिहिणारा हात त्याचा होता, आणि वाचणारं कोणी नव्हतं. वाघाचा ठसा कसा वाचायचा हे त्याला आयुष्यभर येत होतं. झाडून घेतलेली जमीन वाचायची म्हणजे बाईचा हात वाचायचा, आणि तो त्याला कधी शिकावासाही वाटला नव्हता.

चार दिवस तो घराबाहेर पडला नाही. पाचव्या दिवशी कन्नाकेंच्या अंगणात जाऊन उभा राहिला. सोमारी सावलीत बसून वाळत टाकलेली फुलं हातानं फिरवत होती. ऐंशीच्या घरातली, पाठ पार वाकलेली. डोमा कुडाच्या भिंतीला नवीन काड्या बांधत होता. त्यानं वर पाहिलं.

"बुढे, पाणी आण," तो म्हणाला. "सरकारी साक्षीदार आला."

सोमारी उठली. तिनं पोचूकडं पाहिलं, घरात गेली आणि लोटा घेऊन आली. 

"बस ना पोचूभाऊ," ती म्हणाली. "गुणाचा गुडघा कसा हाये?"

"दुखते, सोमारीबाई."

"मोहाचा शेक दे म्हणा. गरम फुलं फडक्यात बांधून."

पोचूनं विचारायचं ते घरून ठरवून आणलं होतं. ते तोंडातच राहिलं. तो पाणी प्यायला आणि डोमाला म्हणाला, "जरा बांधावर चालतं का? दोन गोष्टी बोलाच्या आहेत."

"जेलातल्या चवदा वर्षांत आले नाई बोलाले. इथीच बोला."

"इथी नाई."

डोमानं त्याच्या तोंडाकडं नीट पाहिलं, हातातली काडी खाली ठेवली आणि पुढं चालू लागला.

धानाची बांधी कोरडी पडली होती, कापलेल्या धानाची धसं पायांना टोचत होती. बांधावर मोहाची नाही, येनाच्या झाडाची सावली होती. पोचू उभ्यानंच बोलला. ठसा नव्हता हे मी खरं सांगितलं, पण जमीन सकाळी झाडलेली होती आणि ते मला कळायला हवं होतं. फुलं तुरळक होती. मी ते लिहिलं आणि वाचलं नाही. चूक माझी. हे मी साहेबाकडं, वकिलाकडं, जिथं म्हणशील तिथं लिहून द्यायला तयार आहे.

डोमानं विचारलं, "कोणं झाडलं ते नाई सांगतलं तुमी."

पोचू बांधावर बसला.

"मले माहीत हाये," डोमा म्हणाला. "बांबूले ललिताले बांधून उठलो, मागं पाह्यलं, तं बुढी वाकून फुलं वेचून राह्यली. खराटा बाजूले. मले काईच वाटलं नाई. तिचा हात थांबतच नाई. माझा बाप मेला त्या दिवशी लोकं येऊन बसले आणि बुढी कोपऱ्यात धान निवडत होती. ते तिचं रडणंच हाये."

"मग न्यायालयात काऊन नाई बोलला?"

"काय बोलू? का माझ्या आईनं ठसे झाडून टाकले? वकील म्हणला, असं बोलशील तं पोलीस म्हणल पुरावा मिटवला, दोघंबी जासान. रंजीता चार वर्षांची होती. कोणाजवळ ठेवू? म्हणून त्यानं बुढीले बोलावलंच नाई." डोमानं पायानं एक धस मोडलं. "डाव्या पायाचा अर्धा ठसा होता, उजव्याचे दोन. माझ्या पंजाएवढे. ते मी सांगतलं. कोणी मानलं नाई."

"मी..."

"तुमी पिंजऱ्यात चढले ना, तवा मले बरं वाटलं होतं पोचूभाऊ. मी म्हटलं, हा माणूस पान हाललं तरी सांगते कोणतं जनावर गेलं. आता हा म्हणल का जमीन सकाळी झाडली हाये, तिच्यावरून वाघाचं काई सांगता येत नाई. एवढंच. कोणं झाडली ते तुमाले कोणीच विचारलं नसतं. कोणाले मोहाचं काय समजते तिथी? मी तुमच्या तोंडाकडं पाहून राह्यलो होतो. तुमी खाली उतरले तरी पाहतच होतो."

पोचूला त्या दिवशीचा डोमाचा चेहरा आठवत होता. तो राग आहे असं त्याला इतकी वर्षं वाटत आलं होतं.

"गावाले म्हणलो का पोचू खोटं बोलला," डोमा म्हणाला. "तुमी खोटं नाई बोलले, ते माहीत होतं. पण कोणावर तं टाकाच लागत होतं."

"मग आता मी काय करू?"

"काईच नका करू. बुढी जित्ती हाये तोवर काई लिहू नका. तिले वाटते मले माहीत नाई. कधीकधी मले वाटते, तिले समजते का मले माहीत हाये. ते तसंच राहू द्या." मग तो म्हणाला, "रंजीताले मात्र सांगा. तुमच्यापुरतं सांगा. तिनं घरी यावं, एवढंच पाहिजे मले."

रंजीताला दहावीपर्यंत सोमारीनंच वाढवलं. पुढच्या शिक्षणासाठी मामानं तिला नागभीडला नेलं. आता ती वीस वर्षांची होती आणि नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला शिकत होती. बाप सुटल्यापासून ती एकदाही बोरटोल्याला आली नव्हती. आजीशी फोनवर रोज बोले. बाजूला बाप आहे हे कळलं की फोन ठेवी.

पोचू एसटीनं नागभीडला गेला. मामाचं घर रेल्वेच्या रुळांपलीकडं होतं. रंजीतानं दार उघडलं, त्याला ओळखलं, आणि आत बसायला सांगून समोर स्टुलावर बसली.

"आबाजी, तुमी कोण आहात हे मला माहीत आहे," ती म्हणाली. "मी निकाल वाचलाय. तुमचं नाव त्यात तीनदा आहे."

पोचूनं पिशवीतून वही काढली, पान उघडून तिच्यापुढं ठेवलं, आणि बांधावर सांगितलं होतं तेच सगळं पुन्हा सांगितलं. तिनं ती ओळ वाचली. पुन्हा वाचली. फुलं किती वाजता पडतात, कधी वेचतात, हे तिला समजावून सांगावं लागलं नाही. ती त्याच झाडाखाली आजीच्या मागं टोपली घेऊन फिरली होती.

"म्हणजे कोणीतरी झाडलं," ती म्हणाली.

"हो."

"ठसे असतील तर झाडण्यात गेले. आणि नसतील तर?"

"तुझ्या बाबानं पाह्यले होते."

"ते तर ते पहिल्यापासून म्हणतात. झाडणाऱ्यानं पाहिले का?"

पोचूनं वहीकडं पाहिलं. झाडणारीनं पाहिले होते की नाही, हे त्यानं विचारलंच नव्हतं. लोटा हातात घेऊन तो समोर बसला होता आणि गुडघ्याच्या शेकाबद्दल ऐकून उठला होता. शिवाय जे माहीत होतं तेही बोलायचं नव्हतं.

"कोणी झाडलं, आबाजी?"

"ते मले सांगता येत नाई, बाई."

"येत नाही की सांगायचं नाही?"

 रुळांवरून मालगाडी जात होती. तिचा आवाज संपेपर्यंत रंजीता थांबली.

"बाबांनी केलं नसेल, असं मला कधीकधी वाटतं," ती म्हणाली. "पण वाटण्यावर मी त्या घरात जाऊन झोपू शकत नाही. तुमी सोळा वर्षांनी आलात ते अर्धंच घेऊन आलात. पूर्ण सांगता येईल त्या दिवशी या. मी कुठंही असले तरी ऐकीन." मग वही मिटून तिनं त्याच्या हातात दिली. "आणि आजीला सांगा, परीक्षा झाली की मी फोन करते. ती काळजी करते."

बसमध्ये पोचूला खिडकीची जागा मिळाली. पूर्ण सांगायचा दिवस कोणता, हे त्याला कळलं होतं. तो सोमारीच्या मरणानंतरचा दिवस होता. त्याआधी तो स्वतः गेला तर ही गोष्ट एकट्या डोमाच्या तोंडी राहील, आणि डोमाचं कोणी मानत नाही. पोचूला साखरेचा आजार आहे, वय अडुसष्ट. सोमारी ऐंशीची आहे, पण काटक. माणसं कोणाकोणाच्या मरणाची वाट पाहतात. तो एका अशा बाईच्या मरणाची वाट पाहू लागला होता जिनं त्याचं काही वाईट केलं नव्हतं.

पावसाळ्यात, धानाच्या रोवणीच्या दिवसांत, सोमारीला ताप भरला. डोमा चिखलणीला गेलेला. गावातला एकमेव ऑटो पोचूनंच बोलावला आणि तिला धरून पोंभुर्ण्याच्या दवाखान्यात नेलं. वाटभर तिचं डोकं त्याच्या खांद्यावर होतं. सलाइन संपत आलं की तो नर्सला हाक मारायला जाई.

दुसऱ्या दिवशी ताप उतरल्यावर तिनं डोळे उघडले आणि त्याला पाहून विचारलं, "तू काऊन बसला इथी, पोचूभाऊ? घरी काम नाई काय?"

"नाई," पोचू म्हणाला.

पाचव्या दिवशी ती स्वतःच्या पायांनी ऑटोत चढली.